साडेआठची हाक

माघ लागला की धारवाडच्या सप्तापुरातल्या माझ्या खोलीत दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गठ्ठे येऊन पडतात. सकाळी शाल लागते, दुपारी पंखा लागतो, आणि समोरच्या आवारातल्या आंब्याला आलेल्या मोहोराचा वास दिवसभर खोलीत भरून असतो. मी भूगोल शिकवते. घरी मराठी, वर्गात कन्नड, आणि रागावले की दोन्ही. पेपर काढणारे बदलतात, पण एक प्रश्न काही बदलत नाही: उधाणाची भरती केव्हा येते व का? गुण दोन. मुलं पाठ केलेलं लिहितात. अमावास्या व पौर्णिमा या दिवशी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, म्हणून त्या दिवशी भरतीचं पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा जास्त उतरतं. मी बरोबरची खूण करते, दोनपैकी दोन देते. मग पुढचा पेपर ओढायच्या आधी उगाच उठून पाणी पिऊन येते.

या मुलांना मी काय नावं ठेवणार? त्यांतल्या निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नसतो. आमच्या हुबळी-धारवाडकडे पाणी म्हणजे नळाला येणारं पाणी. ते चार दिवसांनी येतं की आठ, पहाटे येतं की भर दुपारी, यावर गल्लीतल्या बायका ज्योतिष्यासारखी भाकितं करतात आणि ती बहुतेक खरी ठरतात. पाण्याला त्याची स्वतःची वेळ असते आणि ती चुकवली की पुढचे दिवस अवघड जातात, हे आम्हांला जगात कुणी शिकवायला नको. नळापुरतं आम्ही ते शिकलो होतो, इतकंच.

माझ्या भावाचं, अण्णाचं, हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचं दुकान होतं. म्हणजे आहे अजून. आमचे आजोबा जतकडून इकडे आले आणि इथेच रुजले. संक्रांत झाली की लग्नसराईचा माल भरेपर्यंत मधे दहा-पंधरा दिवस बाजार जरा सुस्त असतो. त्या सुस्तीत अण्णा दर वर्षी आम्हांला घेऊन किनाऱ्याकडे निघायचा. नव्वदच्या दशकातली पहिली सहा-सात वर्षं आमचा हा नेम चालला. कारवारच्या खालच्या अंगाला एका लहान गावात त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, त्यांच्या पडवीत आमचा मुक्काम. आई, अण्णा, वहिनी आणि मी. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि आईचं स्वतंत्र पाण्याचं तांब्याचं भांडं. यल्लापूर गेलं की झाडी दाटायची, अरबैल घाटात वहिनींना हटकून मळमळायचं, आणि घाट उतरला की बसच्या खिडकीतून येणारं वारं एकदम अंगाला चिकटायला लागायचं. ‘आलं,’ अण्णा म्हणायचा. समुद्र दिसायला तिथून अजून तासभर असायचा.

तिथल्या बेटांची मला फार ओढ होती. लहान लहान बेटं, काही तर इतकी लहान की आमच्या दुर्गदबैलचा चौक त्यांवर मावला नसता. वर थोडं गवत, चार वाकडी झाडं, एखादा शेंदूर लावलेला दगड. पठारावरच्या माणसाला जमिनीचा शेवट बघायची सवय नसते. आमच्याकडे काळं रान सुरू झालं की ते विजापूरपर्यंत जातच राहतं. इथे मात्र दहा मिनिटांत सगळ्या कडा पायाखालून जायच्या आणि आपण जिथून निघालो तिथेच परत यायचो. मला तेव्हा त्यात सुख वाटायचं. खडकांच्या खळग्यांत पाणी अडकलेलं असायचं, त्यात बोटाएवढे निळे मासे. सावली पडली की सगळे एकदम नाहीसे होत. मी, दहावीच्या वर्गाला डोळ्यांनी गप्प बसवणारी बाई, तासन्‌तास तिथे ओणवी बसून माशांना घाबरवत असे.

अण्णाने गोव्याहून एक काचेचा मुखवटा आणि तोंडात धरायची नळी आणली होती. ती लावून तो पाण्यावर पालथा पडून राहायचा. नुसती नळी वर दिसायची आणि पाठ. आईला ते दृश्य अजिबात सोसायचं नाही. ‘जिवंत माणसानं असं पडू नये रे,’ ती किनाऱ्यावरून ओरडायची आणि त्याला अर्थातच ऐकू यायचं नाही. त्याला बाहेर बोलवायचं काम माझं. ‘अमुक वाजता हाक मार,’ असं सांगून तो जायचा आणि मी घड्याळ बघून पाण्यात दगड टाकायचे. टाइमटेबल सांभाळायची सवय होतीच.

आता आईचं सांगायला हवं. समुद्र आणि पिंपळ वाटेल तेव्हा शिवायचे नसतात, हे आईचं शास्त्र. पिंपळ शनिवारी शिवावा, समुद्र पर्वणीला. त्यामुळे आमची सहल ठरायची ती पंचांग उघडून. माघातली पौर्णिमा साधली तर उत्तम, नाहीतर अमावास्या. पौर्णिमेला सूर्योदयाच्या वेळी समुद्रस्नान, नारळ, हळदकुंकू, आणि मग आम्ही मोकळे. आम्ही सगळी वर्षं नेमक्या त्याच दिवशी समुद्रात उतरत होतो ज्या दिवशी तो सगळ्यांत जास्त हलतो. आईजवळ पंचांग होतं, माझ्याजवळ भूगोलाचं पुस्तक होतं. चंद्र दोन्हींत एकच होता. पण हे दोन्ही एका वेळी उघडून बघायची बुद्धी आमच्या घरात एकाच बाईला झाली, आणि तिचं शिक्षण अकरावीपर्यंतचं.

त्या वर्षीच्या पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पडवीत बसलो होतो. आई खाटेवर पडली होती. अण्णा बाहेरून येऊन सांगत होता की समोरच्या बेटावर यंदा होडी नको, सकाळी पाणी इतकं उतरतं की चालत जाता येतं, कालवं काढणाऱ्या बायका रोज जातात. तो पाय धुवायला गेला, आणि वहिनी तांदूळ निवडता निवडता मान वर न करता मला म्हणाल्या, ‘वन्सं, पौर्णिमेला पाणी जास्त चढतं म्हणतात ना हो? तुम्ही शिकवता की. चालत गेलो आणि मागे पाणी आलं तर?’

प्रश्न अगदी बरोबर होता. दोनपैकी दोन गुणांचा. आणि मी काय केलं? मी हसले. म्हटलं, ‘अहो वहिनी, भरती म्हणजे काय नळाचं पाणी आहे का, धो धो यायला? हळूहळू चढतं. त्याआधी आपण चहा पिऊन परत येतो.’ मला बेटावर जायचं होतं. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक होतं. अकरावी झालेल्या वहिनीने बी.एड. झालेल्या नणंदेला तिच्याच विषयाची आठवण करून द्यावी, हे मला रुचलं नाही. वहिनी ‘बरं’ म्हणाल्या. आमच्या घरात त्यांच्या वाट्याला तो एक शब्द भरपूर आला होता.

सकाळी सहाला निघालो तेव्हा चंद्र अजून मावळायचा होता. पाणी इतकं लांब गेलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बेट आणि किनारा यांच्यामध्ये ओल्या वाळूची आणि काळ्या खडकांची दीडशे पावलांची वाट उघडी पडली होती. आईने स्नान केलं, नारळ सोडला, आणि ती किनाऱ्यावरच जप करत बसली. आम्ही तिघं पलीकडे गेलो. वाटेत त्या कालवं काढणाऱ्या बायका ओणव्या होऊन लहान कोयत्यांनी खडकावर टकटक करत होत्या. आम्ही बेटाला वळसा घालून मागच्या अंगाला उतरलो, कारण मासे तिकडे जास्त. तिथून वाट दिसत नव्हती.

सव्वासातच्या सुमारास मी जरा बेटाच्या माथ्यावर चढले होते, तेव्हा त्या बायका परत निघालेल्या मला वरून दिसल्या. त्यांच्या टोपल्या अर्ध्याच भरल्या होत्या. हे मी पाहिलं, मनात नोंदलंसुद्धा, आणि सोडून दिलं. परत खाली येऊन मी ज्या खडकावर बसले तो ओला व्हायला लागला म्हणून मी वर सरकले. थोड्या वेळाने पुन्हा सरकले. दोनदा, हे मला पक्कं आठवतं. बसायला जागा बदलावी इतक्या सहज मी दोनदा उधाणापासून मागे सरकले आणि खळग्यातल्या माशांना घाबरवत बसले. अण्णा म्हणाला होता साडेआठला हाक मार. मी साडेआठला हाक मारली. मिनिटाचासुद्धा फरक नाही.

अण्णा वर आला आणि त्याने मुखवटा वहिनींच्या हातात दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या नको नको म्हणाल्या, मग पदर खोचला, आणि कंबरभर पाण्यात उभं राहून त्यांनी तोंड खाली घातलं. थोड्याच वेळाने बाहेर काढून त्या मोठ्याने हसल्या. वहिनींचं मोठ्याने हसणं मी तोवर ऐकलं नव्हतं. घरात आई असायची, आणि मी तर असायचेच. ‘अजून दहा मिनिटं,’ त्या म्हणाल्या, ‘दहाच मिनिटं हो!’ अण्णा हसून बसला. मीही घड्याळ बघितलं आणि म्हटलं, घ्या.

आम्ही वळसा घालून पुढच्या अंगाला आलो तेव्हा वाट नव्हती. दोन्ही बाजूंनी येणाऱ्या लाटा मधे एकमेकींवर आपटत होत्या. पलीकडे आई उभी राहून दोन्ही हात हलवत होती. आम्ही बेटावर थांबायला हवं होतं. उन्हात बसून राहिलो असतो तर दुपारी पाणी उतरलं असतं आणि संध्याकाळच्या आत वाट आपोआप उघडली असती. हेही पुस्तकात आहे, पुढच्याच पानावर. पण आई रडत होती, दहाची बस होती, आणि पाणी छातीपर्यंतच असेल असं अण्णाला वाटलं. तो उणकल तळ्यात पोहायला शिकलेला माणूस. एका हाताने त्याने वहिनींना धरलं, दुसऱ्या हाताने मला. मधोमध आमचे पाय सुटले. त्याने आम्हां दोघींना पुढे ढकललं ते मला आठवतं, आणि नंतर लाटेने त्याला उचलून खडकावर पाठीवर टाकलं तेही. आईची हाक ऐकून धावलेल्या कोळ्यांनी दोर टाकून त्याला ओढलं. पाठ कालवांच्या शिंपल्यांनी चिरली होती. ते भरून आलं. मणक्याचं आलं नाही.

हुबळीला हॉस्पिटलच्या बाकावर आईने विचारलं, ‘झालं कसं हे?’ वहिनी आत अण्णाजवळ होत्या. मी म्हणाले, ‘मी साडेआठला हाक मारली होती, आई. वहिनी म्हणाल्या अजून दहा मिनिटं.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी आजवर इतकं खरं बोलून इतकं वाईट काही केलेलं नाही.

तेव्हापासून ती दहा मिनिटं वहिनींची झाली. आईने ती कधी खाली ठेवली नाहीत. वरणात मीठ जास्त पडलं तरी ती निघायची. अण्णाचा उजवा पाय ओढतो, त्याला फार वेळ उभं राहता येत नाही, कापडाचं ठाण उचलणं तर दूरच. म्हणून वहिनी दुकानात उभ्या राहू लागल्या. त्या काळी दुर्गदबैलच्या आमच्या ओळीत गादीशेजारी बाई दिसायची नाही. त्यांनी मीटर हातात घेतला, कन्नडमध्ये घासाघीस शिकल्या, संध्याकाळी येऊन भाकरी थापल्या, आणि जेवताना ती दहा मिनिटं ऐकून घेतली. अण्णाला विचारलं तर तो म्हणायचा, ‘इरली बिडु. जाऊ दे. समुद्र त्याच्या वेळेला आला.’ माझा भाऊ दिलदार आहे, पण बायकोची बाजू घ्यायला मणका लागत नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं.

मी दर रविवारी धारवाडहून हुबळीला जात राहिले. वहिनी माझ्यासाठी वांग्याची भाजी करत. मी ती खात असे. प्रत्येक वेळी बसमधून उतरताना ठरवायचे की आज बोलायचं, आणि परतीच्या बसमध्ये चढताना पुढच्या रविवारवर ढकलायचे. मुलांनी गृहपाठ असा ढकलला तर मी त्यांना बाकावर उभं करते. नऊ वर्षं अशी गेली.

आता तर बेटांवर जायला पंचांग लागत नाही. हुबळीच्या बसस्टँडजवळ भिंतीभिंतीवर रंगीत पत्रकं लागलेली असतात. बेटं, होडी, स्नॉर्केलिंग, दोन दिवस एक रात्र, जेवणासकट. निळ्या पाण्यात मुखवटे लावून हसणारी माणसं. मी ती पत्रकं वाचत नाही, पण डोळे दिनांकावर जातात आणि मनात तिथी मोजली जाते. परवाच्या रविवारी घरी गेले तेव्हा शेजारची मुलगी आली होती. नुकतीच नोकरीला लागलेली, बडबडी, गोड. तिच्या हातात तसलंच एक पत्रक होतं.

‘काकू, आम्ही सहाजणी जायलोय ऑफिसातल्या,’ ती वहिनींना म्हणाली. ‘तुम्ही गेला होतात की. ती नळी लावून खाली बघितल्यावर कसं दिसतं हो? भीती वाटते का?’

वहिनी मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. मला वाटतं त्या काहीतरी सांगणार होत्या. तेवढ्यात आई जपमाळ थांबवून म्हणाली, ‘हिलाच विचार. हिच्या दहा मिनिटांच्या हौसेपायी माझा मुलगा खुर्चीला लागला.’ मुलगी ओशाळली. वहिनींनी पुन्हा मेथी हातात घेतली. मुलगी ‘येते हं’ म्हणून निघून गेली, आणि मेथीच्या देठांचा तो बारीक आवाज तेवढा राहिला. आत अण्णा झोपला होता.

मी म्हणाले, ‘आई, पुरे आता. चूक माझी होती.’ आणि मग सगळंच बोलले. पडवीतला प्रश्न, माझं हसणं, अर्ध्या टोपल्या, खडकावरून दोनदा सरकणं. दहा मिनिटांनी काही झालं नव्हतं, वाट साडेआठच्या आधीच गेली असणार, हेही. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. मला वाटलं होतं की आईला धक्का बसेल. मी त्याला घाबरून नऊ वर्षं काढली होती.

आईने माळ डबीत ठेवली. ‘ठाऊक आहे मला,’ ती म्हणाली. ‘खाटेवर पडले होते मी, झोपले नव्हते. हिनं विचारलेलं ऐकलं, तू हसलेलं पण ऐकलं.’

‘मग इतकी वर्षं वहिनींना का बोलत राहिलीस?’

‘मग कुणाला बोलू? माझा धडधाकट मुलगा असा झाला. कुणाला तरी बोलल्याशिवाय मला राहवत होतं का? तुला बोलले असते तर तू धारवाडहून यायचीच बंद झाली असतीस. तुझा स्वभाव काय मला माहीत नाही? ही कुठं जाणार होती?’

तिच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. भाजीचा हिशोब सांगावा तसं तिने सांगितलं. आणि वाईट हे की ते खरं होतं. मी आले नसते. दोन बोल ऐकले असते तर सप्तापूरच्या खोलीला कडी लावून बसले असते, आणि त्याला स्वाभिमान म्हटलं असतं. माझ्या सगळ्या रविवारांची किंमत वहिनींनी भरली होती. मी त्यांच्या समोर जाऊन बसले. माफ करा म्हणायचं होतं, पण मेथीच्या ढिगाकडे बघून काहीतरी वेगळंच बोलले.

‘वहिनी, ती विचारत होती ते सांगा ना. काय दिसलं होतं खाली?’

त्यांनी हातातली जुडी संपवली. देठ एकीकडे केले, पानं चाळणीत टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘पहिली दोन-तीन वर्षं रोज आठवायचे, वन्सं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की डोळे मिटून बघायचे. फार सुंदर होतं, एवढं म्हणायचीसुद्धा कुठं सोय नव्हती, म्हणून मनातच. पुढं पुढं आठवायला गेलं की आईंचा आवाज आधी यायला लागला.’ त्यांनी चाळणी उचलली. ‘आता तेवढाच येतो.’